उत्कंठा सेकंदांत मोजणारे साधन : ‘स्टोरीबोर्डर’

नागपुरात लघुपट करणाऱ्या बहुतेक गटांची परिस्थिती सारखीच असते. कॅमेरा आणि लेन्सेस दिवसाच्या भाड्याने आणलेल्या असतात, महाल या जुन्या भागातला एखादा वाडा ओळखीच्या माणसाने एक-दोन दिवसांपुरता दिलेला असतो, नट आपापल्या नोकऱ्या सांभाळून सुटीच्या दिवशी येतात, आणि चित्रीकरण मे महिन्यात काढले असेल तर चौकातल्या उन्हात उभे राहून कॅमेरा कुठे लावायचा याची चर्चा करण्याइतके त्राण कोणातच नसते. अशा वेळी शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंगाची शॉट्समध्ये केलेली विभागणी, घरूनच पक्की करून नेली, तर निम्मे भांडण टळते. प्रसंग सस्पेन्सचा असेल, तर ती नेल्यावाचून निभावच लागत नाही. कारण साध्या संवादाच्या प्रसंगात राहून गेलेला शॉट संकलनात कसाबसा झाकता येतो, पण उत्कंठेच्या प्रसंगात दाराच्या कडीचा एक इन्सर्ट (वस्तूचा जवळून घेतलेला छोटा शॉट) घ्यायचा राहिला, तर प्रेक्षकाला कशाची भीती वाटायला हवी हेच कळत नाही.

या कामासाठी मी ‘वंडर युनिट’चे ‘स्टोरीबोर्डर’ हे स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगातल्या चौकटींची क्रमवार चित्रे, करण्याचे सॉफ्टवेअर वापरते. ते विनामूल्य आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. माझे मत आधीच सांगून टाकते. चित्र काढण्याचे साधन म्हणून ते साधे, पुरेसे आहे. परंतु प्रसंगातला वेळ आणि जागा यांचा विचार करायला लावणारे साधन म्हणून ते फार मोलाचे आहे, आणि उत्कंठेची सगळी मदार या दोन गोष्टींवरच असते. म्हणून हे परीक्षण लिहिताना मी त्याच्या सर्व सोयींची यादी देणार नाही. एका रहस्यप्रसंगाची आखणी करताना ते कुठे उपयोगी पडते आणि कुठे आपल्यालाच डोके चालवावे लागते, एवढेच सविस्तर सांगणार आहे.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत मांडलेला भेद या क्षेत्रातल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेला असतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोटाच्या वेळी त्याला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब ठेवताना त्याने पाहिले असेल आणि टेबलाशी बसलेल्यांना त्याची गंधवार्ता नसेल, तर त्यांच्या किरकोळ गप्पासुद्धा पंधरा मिनिटे त्याला खुर्चीला खिळवून ठेवतात. या विवेचनातून कॅमेऱ्यामागे उभे राहणाऱ्याने उचलायची गोष्ट अशी, की कोणाला काय माहीत आहे आणि ते केव्हा कळले याचा क्रम म्हणजेच प्रसंग. अँगल, लेन्स, प्रकाश हे सगळे त्या क्रमाच्या सेवेला असतात. स्टोरीबोर्ड सुंदर दिसला की आखणी झाली असे मानणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या चित्रांत छाया उत्तम असतात, आणि प्रेक्षकाला माहिती कोणत्या चौकटीत मिळाली या प्रश्नाला मात्र उत्तर नसते.

उदाहरणासाठी एक प्रसंग घेऊ. महालातला जुना वाडा, मे महिन्याची दुपार. सुमती नावाची प्रौढ बाई माजघरात पाटावर बसून ताटातले तांदूळ निवडते आहे. खिडकीत कूलर धडधडत आहे. तिची पाठ मागच्या दाराकडे आहे, आणि त्या दाराच्या फटीतून आत आलेली एक तार कडी वर उचलण्याचा प्रयत्न करते आहे. कूलरच्या आवाजामुळे तिला काही ऐकू येत नाही. मग वीज जाते. कूलर मंदावत थांबतो, घर एकदम नि:शब्द होते, आणि आतापर्यंत त्या आवाजाच्या आडोशाने काम करणारा बाहेरचा माणूसही जागच्या जागी थबकतो. आता दोघेही कानोसा घेत आहेत.

या प्रसंगाचे माझे कच्चे बोर्ड, म्हणजे एकेका चौकटीची चित्रे, नऊ होते : चौकाचा टॉप अँगल, सुमती पुढे आणि मागचे दार खोलवर दिसणारी दीर्घ चौकट, कडी आणि तार, तांदूळ निवडणारी बोटे, पुन्हा तीच दीर्घ चौकट, कडी कोयंड्यातून थोडी उचलली जाते, कूलरचा थांबत जाणारा पंखा, सुमतीचा चेहरा, आणि फटीत अर्धवट अडकून राहिलेली, आता निश्चल असलेली तार. स्टोरीबोर्डरमध्ये नवा बोर्ड घेतला की त्याचा कालावधी आपोआप दोन सेकंद धरला जातो. तेव्हा पहिल्या फेरीत हा प्रसंग अठरा सेकंदांचा झाला, आणि ‘प्ले’ दाबल्यावर तो एखाद्या जाहिरातीसारखा पळाला. कागदावर काढलेल्या बोर्डात ही गोष्ट कधीच दिसत नाही, कारण कागदावर प्रत्येक चौकोन सारख्याच आकाराचा असतो आणि डोळा त्यांच्यावरून सारख्याच वेगाने सरकतो.

खरे काम इथे सुरू होते. प्रत्येक बोर्डाच्या बाजूला कालावधी, संवाद, कृती आणि टिपण यांच्या जागा आहेत; कालावधी सेकंदांत भरता येतो, फ्रेम्समध्येही भरता येतो. वाढीव वेळ कुठे द्यायचा हा निर्णय प्रसंगाचा स्वभाव ठरवतो. नवशिका दिग्दर्शक तो कडीला देतो, कारण धोका तिथे आहे. मला ते पटत नाही. कडी एकदा दिसली की प्रेक्षकाच्या मनात ती रुजली. त्यानंतर त्याला छळायचे असेल तर त्याला कडीपासून दूर, सुमतीच्या निवांतपणाजवळ बसवून ठेवावे लागते. म्हणून टॉप अँगलला पाच सेकंद, पहिल्या दीर्घ चौकटीला बारा, कडीला दीड, बोटांना दोन, दुसऱ्या दीर्घ चौकटीला नऊ, कडी उचलण्याला अडीच, कूलरच्या पंख्याला आठ, चेहऱ्याला सहा आणि अखेरच्या तारेला सहा सेकंद अशी विभागणी झाली. अठराचे बावन्न सेकंद झाले आणि त्यांतले एकवीस सेकंद केवळ त्या दीर्घ चौकटीचे आहेत, जिच्यात वरवर पाहता काहीच घडत नाही. कडीचे दोन्ही इन्सर्ट मिळून चारच सेकंदांचे आहेत.

पंख्याला आठ सेकंद देण्यामागेही कारण आहे. वीज गेल्यावर कूलरची पाती लगेच थांबत नाहीत. वेग उतरत जातो, घरघर खाली येते, मग ताट्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज पुढे येतो. विदर्भात वाढलेल्या प्रत्येक प्रेक्षकाच्या कानात हा क्रम बसलेला आहे, आणि तो आठ सेकंदांत शांततेची वाट पाहू लागतो. स्टोरीबोर्डरमध्ये बोर्डाला ध्वनी जोडता येतो. मोबाइलवर घरच्या कूलरचा आवाज रेकॉर्ड करून तो या बोर्डाला लावला, तेव्हा आठ सेकंद योग्य आहेत की जास्त, हा वाद गटात उरला नाही. सर्वांनी डोळे मिटून ऐकले आणि ठरवले. उत्कंठेचा अर्धा भाग कानाने घेतला जातो, त्यामुळे ध्वनीची ही सोय मला चित्रकामाच्या सगळ्या सोयींपेक्षा महत्त्वाची वाटते.

चित्रकामाबद्दल थोडक्यात : फिकट पेन्सिल, गडद पेन्सिल, पेन, ब्रश, टिपणांचे पेन आणि खोडरबर अशी मोजकी साधने आहेत. आधीच्या बोर्डाची पुसट छाया खाली दिसत ठेवता येते, चौकटीचे तीन भाग पाडणाऱ्या रेषा दाखवता येतात, आणि ज्याला अधिक रंगकाम करायचे आहे त्याला तो बोर्ड फोटोशॉपमध्ये उघडून परत आणता येतो. काड्यांची माणसे काढणाऱ्यालाही हे पुरते. उत्कंठेच्या बोर्डात चेहऱ्याचे सौंदर्य लागत नाही. माणूस कोणत्या बाजूला पाहतो, चौकटीत रिकामी जागा कोणत्या बाजूला आहे आणि काळोख कुठे आहे, एवढे तीन प्रश्न सुटले की झाले. काळोखासाठी ब्रशचा एक फटकारा पुरतो.

आता ‘शॉट जनरेटर’ या भागाबद्दल, कारण आमच्यासारख्या गटांनी हे सॉफ्टवेअर घ्यावे असे मी म्हणते ते मुख्यतः त्याच्यासाठी. यात आपण एक त्रिमित खोली उभी करतो, तिची लांबी, रुंदी आणि उंची भरतो, तिच्यात पुतळे ठेवतो, त्यांना बसवतो, वळवतो, मान खाली घालायला लावतो, आणि मग कॅमेरा हवा तिथे नेऊन हव्या त्या लेन्समधून पाहतो. वरून दिसणारा नकाशा सतत बाजूला असतो. एकाच दृश्यात अनेक कॅमेरे ठेवता येतात, आणि जी चौकट आवडली ती बोर्ड म्हणून घालता येते. एक्स्ट्रीम क्लोजअपपासून सगळी जागा दाखवणाऱ्या एस्टॅब्लिशिंग शॉटपर्यंत शॉटचे आकार आणि अगदी वरच्या अँगलपासून जमिनीलगतच्या अँगलपर्यंत कोन यांच्या तयार निवडी दिलेल्या आहेत.

वाड्याची रेकी, म्हणजे आधी जाऊन पाहणी, करताना टेप घेऊन माजघराची मापे, दारांची उंची आणि मागच्या दारापर्यंतचे अंतर लिहून आणले, तर या भागाचा खरा उपयोग होतो. जुन्या वाड्यांत ओसरी, माजघर आणि परसाकडचे दार पुष्कळदा एका रेषेत येतात, त्यामुळे तीन चौकटी एकात एक बसलेल्या दिसतात. सुमतीची दीर्घ चौकट मी याच रेषेवर बांधली. प्रश्न कॅमेऱ्याच्या उंचीचा होता. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले, तर पाटावर बसलेली सुमती खाली दबते आणि मागचे दार तिच्या डोक्यावर तरंगते. प्रेक्षकाला ती आधीच बिचारी वाटते. कॅमेरा तिच्या बसलेल्या डोळ्यांइतका खाली, पण सरळ ठेवला, तर ती चौकटीची मालकीण राहते आणि दार तिच्या खांद्यामागे बरोबर उभे राहते. खाली ठेवलेला कॅमेरा आणि वर पाहणारा कॅमेरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशात कॅमेरा हलवून पाहताना हा फरक जितका स्वच्छ दिसतो, तितका तो बोलून समजावता येत नाही.

लेन्सबद्दलही तेच. वाइड लेन्सने खोली मोठी दिसते आणि टेलिफोटोने मागचे जवळ येते असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात जवळ-दूरचे प्रमाण कॅमेरा विषयापासून किती अंतरावर आहे यावर ठरते, आणि लेन्स फक्त त्यातला किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. शॉट जनरेटरमध्ये सुमतीच्या डोक्याचा आकार तेवढाच ठेवून कॅमेरा मागे मागे नेला आणि लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा वाढवत गेले, तर मागचे दार चौकटीत मोठे होत जाते, जणू खोली आक्रसली. मला दार दूर हवे होते, कारण दार आणि पाठ यांच्यामधली रिकामी फरशी हेच त्या चौकटीतले भय आहे. ती फरशी आक्रसली की भय आक्रसते. म्हणून कॅमेरा जवळ आणि लेन्स वाइड. नंतर वीज गेल्यावरच्या चेहऱ्यासाठी मात्र उलट, कॅमेरा दूर आणि लांब लेन्स, कारण आता दार तिच्या मानेशी आले असे वाटायला हवे.

इथे एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या पुष्कळ कॅमेऱ्यांचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) एपीएस-सी आकाराचा, म्हणजे सुमारे २३.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. १६:९ चौकटीत त्याची उंची साधारण १३.२ मिलिमीटर भरते. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा ठेवून दाखवायचा, तर सुमारे साडेसहा फूट उंचीची चौकट लागते. हिशेब केला तर ३५ मिलिमीटर लेन्सने त्यासाठी कॅमेरा जवळजवळ १७ फूट दूर ठेवावा लागतो, आणि १८ मिलिमीटर लेन्सने सुमारे ९ फूट पुरतात. बारा फुटांच्या माजघरात पहिला पर्याय भिंत पाडल्याशिवाय शक्य नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधला लेन्सचा आकडा आणि हातातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर यांचा मेळ आहे असे गृहीत धरू नये. घरातल्या कोणालाही ठरावीक अंतरावर उभे करून दोन्हीकडची चौकट आधी ताडून पाहावी, आणि मगच भाड्याच्या लेन्सेसची यादी द्यावी. या एका तपासणीने भाड्याचे पैसे वाचतात.

शॉट जनरेटरमध्ये दिवे ठेवता येतात, पण नागपूरचा सूर्य आपल्यालाच लक्षात ठेवावा लागतो. आपले शहर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २६ मेच्या आसपास मध्यान्ही सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली पायाशी नाहीशी होते. ज्याने बोर्डात चौकाच्या फरशीवर लांबलचक सावली सरकताना काढली आहे आणि कॉलशीटवर, म्हणजे चित्रीकरणाच्या दिवसाच्या वेळापत्रकावर, दुपारी बाराची वेळ लिहिली आहे, त्याची सावली त्या दिवशी येणारच नाही. सावली हवी असेल तर चार-साडेचारनंतरची वेळ धरावी लागते. याउलट माथ्यावरचे ऊन एका गोष्टीसाठी उत्तम आहे : चौक पांढराफटक भाजून निघतो आणि भोवतीच्या खोल्या काळ्याभोर पडतात. माझ्या पहिल्या टॉप अँगलला हेच हवे होते. प्रत्येक बोर्डाच्या टिपणाच्या जागेत मी प्रकाशाची वेळ लिहिते, आणि तिथेच कूलर चालू की बंद हेही लिहिते. ध्वनी जागेवरच घ्यायचा असेल, तर कूलर बंद असलेले शॉट सलग घेतलेले बरे, नाहीतर नट घामाने निथळतात आणि सातत्य बिघडते.

शॉट क्रमांकांची पद्धतही इथे कामी येते. एखाद्या बोर्डावर ‘नवा शॉट’ अशी खूण केली की पुढचा अंक मिळतो. खूण केली नाही तर तो बोर्ड आधीच्याच शॉटचा पुढचा टप्पा समजला जातो आणि त्याला पुढचे अक्षर मिळते. कॅमेरा न थांबवता सुमतीवरून दाराकडे सरकणार असेल, तर दोन बोर्ड आणि एक अंक. यामुळे किती चौकटी काढल्या आणि प्रत्यक्षात किती शॉट घ्यायचे आहेत यांतला फरक लगेच दिसतो, आणि दिवसाचा अंदाज त्या दुसऱ्या आकड्यावर बांधता येतो. दीर्घ चौकट माझ्या क्रमात दोनदा येते, पण कॅमेरा तसूभरही हलत नाही; चित्रीकरणात ती कॅमेऱ्याच्या एकाच मांडणीत एका दमात घ्यायची आणि संकलनात कापायची. तसे टिपण केले नाही तर उत्साही सहायक दुसऱ्यांदा ट्रायपॉड लावायला घेतो.

इथे थोडे विषयाच्या कडेने जाते. नागपुरातले आपले बहुतेक नट आणि दिग्दर्शक राज्य नाट्य स्पर्धेतून आलेले असतात, काही झाडीपट्टीच्या रंगमंचावरून. रंगभूमीने त्यांना आवाज, शिस्त आणि उमेद दिलेली असते, आणि ती लघुपटाच्या धकाधकीत फार उपयोगी पडते. पण रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला बसलेला असल्यामुळे पात्रांना समोर तोंड करून उभे करण्याची सवय हाडीमाशी भिनते. उत्कंठेच्या प्रसंगात मानेची मागची बाजू चेहऱ्याइतकी बोलते. शॉट जनरेटरमध्ये कॅमेरा पात्राच्या मागे नेऊन त्या पाठीकडे पाहिले की हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ नटांनी ती चौकट पाहून स्वतःच विचारले, की पाठीने ऐकतो आहे हे कसे दाखवू. त्या प्रश्नावर पुढची सगळी तालीम उभी राहिली.

नकाशाचा आणखी एक फायदा म्हणजे १८० अंशांची रेषा सांभाळणे. सुमती आणि दार यांना जोडणारी रेषा मनात धरली आणि सगळे कॅमेरे तिच्या एका बाजूला ठेवले, तर धोका प्रत्येक चौकटीत एकाच बाजूने येतो आणि प्रेक्षक त्या बाजूची रिकामी जागा आपोआप धास्तीने पाहू लागतो. ही सवय एकदा लागली की नुसती रिकामी चौकटही काम करते. नियम मोडायचा असेल तर तो वीज गेल्यानंतर, एकदाच मोडावा, कारण त्या क्षणी सुमतीचेही दिशाभान गेलेले असते.

कोनांच्या तयार निवडींबद्दल मात्र सावध करायला हवे. यादी समोर असली की प्रत्येक कोन वापरून पाहण्याचा मोह होतो, आणि तिरप्या, जमिनीलगतच्या, छतावरच्या चौकटींची माळ तयार होते. अशा प्रसंगात प्रेक्षक सुमतीची काळजी करायचे सोडून कॅमेरामनची कसरत पाहू लागतो. माझ्या नऊ बोर्डांत टोकाचा कोन एकच आहे, पहिला. त्याचे काम घराचा भूगोल समजावून देणे, म्हणजे पुढे दार दिसले नाही तरी ते कुठे आहे हे प्रेक्षकाला माहीत असावे. बाकी सगळे शॉट साधे आणि सरळ आहेत. भीती सरळ चौकटीत जास्त टिकते, असे माझे ठाम मत आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पुतळ्यांच्या चेहऱ्यावर बारीक भाव उमटवण्याचे हे साधन नाही, आणि साडीचा पदर, डोक्यावरचा रुमाल, पाट, कूलर, कडी-कोयंडा असल्या आपल्या घरातल्या वस्तू त्यात तयार मिळत नाहीत. मी साध्या ठोकळ्यांवर भागवते. त्रिमित मॉडेल करता येणाऱ्यांना स्वतःचे मॉडेल आत आणता येते. त्रिमित काम असल्यामुळे बऱ्यापैकी ग्राफिक्स नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर फार गर्दीचे दृश्य उभे करू नये. मेनू इंग्रजीत आहेत, आणि हे शिकवताना वरिष्ठ मंडळींसाठी एक मराठी टिपण करून ठेवावे लागते. पटकथा ‘फाउंटन’ किंवा ‘फायनल ड्राफ्ट’ स्वरूपात आत घेता येते खरी, पण फाउंटनमध्ये पात्रांची नावे इंग्रजी कॅपिटल अक्षरांवरून आणि प्रसंगांची शीर्षके इंग्रजी संक्षेपांवरून ओळखण्याची पद्धत आहे, आणि देवनागरीत ती सोय नसल्यामुळे मजकुरात विशेष खुणा घालाव्या लागतात. एका प्रसंगासाठी तो खटाटोप करण्यापेक्षा रिकाम्या बोर्डापासून सुरुवात करणे मला सोपे वाटते.

चौकटीचे प्रमाण, म्हणजे रुंदी उंचीच्या किती पट, हे प्रकल्प सुरू करतानाच निवडावे लागते, तेव्हा तिथे घाई करू नये. २.३९ हे रुंद प्रमाण भव्य वाटते म्हणून अनेक जण डोळे झाकून घेतात. लांब ओसरीसाठी ते छान आहे, पण वाड्यातला अरुंद, उभा जिना त्यात कापला जातो आणि दोन्ही बाजूंना निरुपयोगी भिंत उरते. माजघराच्या या प्रसंगाला मी १.८५ घेतले, कारण मला दाराच्या वरची पट्टी आणि खालची फरशी दोन्ही हवी होती.

ज्यांना संगणकावर रेखाटन जमत नाही, त्यांच्यासाठी कोऱ्या चौकोनांची पाने छापून घेण्याची सोय आहे. त्यावर पेन्सिलीने चित्रे काढून पानाचा फोटो आत घेतला की प्रत्येक चौकोन वेगळा बोर्ड होतो. आमच्या गटात सर्वांत नेमकी चित्रे काढणारे गृहस्थ माउसला हातही लावत नाहीत. त्यांची पाने या मार्गाने आत येतात आणि कालावधी मी भरते. सत्यजित राय यांनी १९५५ साली प्रदर्शित झालेल्या आपल्या पहिल्या चित्रपटासाठी रूढ पद्धतीची बंदिस्त पटकथा न लिहिता वहीत चौकटीमागून चौकटी रेखाटल्या होत्या, आणि तेव्हा त्यांच्या हाताशी पैसा जवळजवळ नव्हता. स्टोरीबोर्ड हा मोठ्या बजेटवाल्यांचा प्रकार आहे, असे म्हणणाऱ्यांनी ती वही आठवावी.

तयार काम पीडीएफ, चित्रे, जीआयएफ किंवा व्हिडिओ म्हणून बाहेर काढता येते, आणि प्रीमियर किंवा फायनल कटमध्ये नेण्यासाठीही सोय आहे. संकलकाला बावन्न सेकंदांचा हा अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे बोर्डांचा ठरलेल्या वेळेत चालणारा व्हिडिओ, आधीच मिळाला, तर खरे शॉट आल्यावर तो एकेक बोर्ड बदलत जातो आणि काय राहिले आहे ते चित्रीकरण चालू असतानाच सांगू शकतो. नटांना मात्र मी हा व्हिडिओ दाखवत नाही. कालावधी डोक्यात ठेवून अभिनय केला की माणूस सेकंद मोजतो, आणि सुमतीने तर फक्त तांदूळ निवडायचे आहेत. त्यांना प्रसंग सांगावा, जागा दाखवावी, कॅमेरा कुठे आहे ते सांगावे; बारा सेकंद दिग्दर्शकाने आणि कॅमेरामनने सांभाळावेत.

ज्यांचे काम मुख्यतः अ‍ॅनिमेशनचे आहे किंवा ज्यांना चौकटीतच कॅमेऱ्याची सफाईदार हालचाल दाखवायची आहे, त्यांना याहून मोठी, सशुल्क साधने लागतील. एका घरात, मोजक्या नटांसह, भाड्याच्या कॅमेऱ्यावर रहस्यप्रसंग करणाऱ्यांना मी हेच सुचवेन, आणि वाचलेल्या पैशातून एक साधा पेन टॅबलेट घ्यावा असेही सांगेन. पीडीएफ छापताना एका पानावर मोजकेच बोर्ड घ्यावेत, म्हणजे चौकट ओळखू येते आणि टिपणाला जागा राहते. सीताबर्डीच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात दोन प्रती काढाव्यात, एक कॅमेरामनकडे आणि एक सहायकाकडे. सहायकाने झालेल्या शॉटवर लाल पेनने रेघ मारायची आणि जेवणाच्या सुटीपूर्वी इन्सर्टची पाने पुन्हा एकदा तपासायची, कारण घाईत राहून जातात ते इन्सर्टच.